भद्रसेनाचं काम

त्र्यंबक नवाथ्यांना राजा मिळत नव्हता. प्रधान मिळाला होता, सेनापती मिळाला होता, राणीच्या कामासाठी तर दोघी हट्टाला पेटल्या होत्या. पण ज्याच्यासाठी हा सगळा उपद्व्याप, तो राजा भद्रसेन काही सापडत नव्हता. कॉलेजात असताना पाहिलेलं हे जुनं नाटक तेव्हापासून नवाथ्यांच्या मानगुटीवर बसलं होतं. नको नको म्हणणाऱ्या मुलाला लढाईवर धाडणारा म्हातारा राजा, आणि शेवटच्या अंकात त्याच्यापुढे आणून ठेवलेली मुलाची रिकामी पालखी. तो प्रवेश उभा राहिला तर नाटक उभं, नाहीतर नुसता पत्र्याच्या तलवारींचा खणखणाट. साल सत्त्याऐंशी. राज्यस्पर्धेची प्राथमिक फेरी कल्याणला व्हायची होती आणि नवाथ्यांची संस्था आजवर एकदाही तिच्या पुढे सरकली नव्हती. पुढच्या वर्षी ते निवृत्त होऊन मुलीकडे पुण्याला जाणार होते. म्हणजे जे काय व्हायचं ते याच खेपेला.

नौपाड्यातल्या शाळेच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी उमेदवार येत आणि नवाथ्यांचं डोकं उठवून जात. प्रधानाचं काम मिळूनही राजाच व्हायला निघालेला डोंबिवलीचा काळुराम बँकेत कॅशियर होता आणि त्याच्या आवाजानं खिडक्यांची तावदानं थरथरत. त्यानं आधीच विचारून घेतलं, "सर, रडायचं नक्की कुठल्या वाक्याला?" वाक्य दाखवल्यावर तो नळ सोडल्यासारखा रडला, आणि वाक्य संपताच नाक पुसून म्हणाला, "अजून वाढवू का थोडं?" कल्याणचे एक वकील आले. ते मुलाच्या पालखीपुढे असे उभे राहिले, जणू तिला उलटतपासणीला बोलावलंय. शहाडहून आलेल्या एकाला मिशी काढायची नव्हती, एकाला टक्कल दिसू द्यायचं नव्हतं.

"अरे, पोरगा गेलाय त्याचा," नवाथे शेवटी कातावून म्हणाले. "तुमच्यापैकी एकालाही ते ठाऊक असल्याचं दिसत नाही."

हे ऐकत नेपथ्याच्या चौकटी ठोकणारा पंढरी कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "सर, आमच्या कोळीवाड्यातला गुणाजी बघा एकदा. शिमग्याच्या सोंगात राजा नेहमी तोच व्हायचा. काय आवाज होता त्याचा. पण दोन वर्षं झाली, सगळं सोडलंय त्यानं. अंगात ताप होता म्हणून हा घरी राहिला आणि नाथाला, पोराला, होडी घेऊन पाठवलं. नाथा नको बोलत होता, वारा चांगला नाही म्हणून. होडी मिळाली, पोरगा नाही मिळाला."

त्या वेळी नवाथ्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती काही चांगली नव्हती. पण कलेच्या नावाखाली माणसाला बरंच काही खपवता येतं, आणि नवाथ्यांनी ते स्वतःलाच खपवलं.

गुणाजी आला. पंढरीनं जवळजवळ ओढूनच आणला होता. पालखीच्या जागी एक बाक ठेवलं होतं. गुणाजी त्याच्याजवळ बसला, त्यावरची चादर त्यानं हातानं सारखी केली आणि मग राजाचं पहिलं वाक्य शेजारी कुणी झोपलं असावं अशा आवाजात म्हणाला. प्रधान झालेला काळुराम आपलं वाक्य विसरून तसाच उभा राहिला. नवाथ्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांना राजा मिळाला होता.

आणि मग तो हातातून निसटायला लागला.

पहिले काही दिवस गुणाजी तालीम झाली की न बोलता निघून जाई. मग चहाला थांबू लागला. मग काळुरामच्या पोटावरून त्याची चेष्टा करू लागला, आणि राणीला भरती-ओहोटीच्या गोष्टी सांगू लागला. पोरं त्याला राजे म्हणायची, तोही रुबाबात मान हलवायचा. संस्थेत त्याच्याइतका लाडका माणूस दुसरा उरला नाही. इकडे पालखीचा प्रवेश दिवसेंदिवस बिघडत चालला. गुणाजीचा आवाज चढला, हात कपाळाकडे जाऊ लागला, आणि एके दिवशी तर त्यानं विचारलं, "सर, हितं थोडा हुंदका टाकू कं?"

"काही टाकू नका," नवाथे दात-ओठ खात म्हणाले. "पहिल्या दिवशी केलंत तसं करा."

"तवा मना काय येत नव्हता सर. आता जमाया लागलाय."

नवाथ्यांना भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी गुणाजीची बायको शेवंती त्यांच्या दारात उभी राहिली. तुमच्यात मासळी चालत नाही म्हणून नारळीभात आणलाय, म्हणाली. "सर, दोन वर्सं आमचे घरान कोन हसला नव्हता. काल तो होरी घेऊन दर्यावर गेला. तुमचे तालमीनी मानूस जाग्यावर आला माजा." ती नवाथ्यांच्या पाया पडली. नवाथ्यांनी भात खाल्ला, आणि खाताना त्यांना या बाईचा असा काही राग आला की त्यांच्या बायकोनं, कांताबाईंनी, विचारलं, मीठ कमी आहे का.

स्पर्धेचा दिवस उजाडला तरी राजा हुंदकेच टाकत होता. पहिली घंटा व्हायच्या आधी नवाथे रंगपटात गेले. गुणाजी पांढरी दाढी लावून घेत होता आणि रंगभूषाकाराला काहीतरी सांगून हसवत होता. नवाथे त्याच्या कानाशी वाकले.

"गुणाजी, त्या दिवशी नाथा नको म्हणत होता ना?"

आरशातलं हसू हळूहळू उतरलं.

"व्हय," गुणाजी म्हणाला. "मीच पाठवला."

"चला, वेळ झाली," नवाथे म्हणाले.

त्या संध्याकाळी कल्याणला ज्यांनी तो प्रवेश पाहिला ते पुढे वर्षानुवर्षं त्याविषयी बोलत राहिले. पडदा पडल्यावर टाळ्या लगेच वाजल्याच नाहीत. नाटक पहिलं आलं आणि अभिनयाचं पदक गुणाजीला मिळालं. ते घ्यायला तो आला नाही.

ते पदक घेऊन नवाथे एका सकाळी कोळीवाड्यात गेले. शेवंती ओट्यावर जाळं नीट करत होती. ती उठून उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता, पण त्यावर राग नव्हता. राग असता तर नवाथ्यांना बरं वाटलं असतं.

"नाटक संपला तवापासून तो असा बसून हाय," ती म्हणाली. "होरीवर जात नाय, जेवत नाय. सर, तालीम बंद झाली म्हनून झाला हे. दुसरा नाटक लावा नं. तुमचे तालमीनीच बरा झालता तो."

खरं काय ते सांगून टाकावं असं नवाथ्यांना वाटलं, अगदी ओठांवर आलं.

"हेच नाटक आहे," ते म्हणाले. "मुंबईला अंतिम फेरी आहे. सोमवारपासून तालीम."

"बेस झाला," शेवंती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. तिनं आत वळून हाक दिली, "ऐकलास कं? सर आलंत. तालीम हाय."

नवाथ्यांनी उंबऱ्यातून डोकावून पाहिलं. गुणाजी भिंतीला टेकून बसला होता. उजवा हात गुडघ्यावर उताणा पडलेला, डावा जमिनीवर, मान किंचित दाराकडे कललेली. नवाथ्यांना स्वतःची शिसारी आली. तरी त्यांनी पुन्हा एकदा नीट पाहिलं, उजवा हात उताणा, डावा जमिनीवर, आणि ते लक्षात ठेवलं.