बकरीचा खटला

वादात मला आख्ख्या दारव्ह्यात कोणी हरवलेलं नाही, तरी अब्बांचं आपलं एकच पालुपद, नर्सिंग. मला वकील व्हायचंय म्हटलं की ते गॅरेजमध्ये पाना आपटून विचारायचे, "भांडून पोट भरते काय?"

बारावीची सहामाही संपली तसे ते मला यवतमाळला घेऊन आले, नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचं पुस्तक घ्यायला. दुकानदार पूनमसिंगकाका शिडीवर चढून ते शोधू लागले. माझ्या कोपराशीच कायद्याच्या प्रवेश परीक्षेची पुस्तकं होती. पहिलं जाडजूड, नुसती कलमं, बघूनच झोप यावी. दुसऱ्याचं कव्हर तेवढं चकचकीत. तिसरं उघडलं आणि मी हरखलेच. पानोपानी भांडणं!

"अलफिया, ठेव ते," अब्बा म्हणाले.

ठेवते कसली! मी मोठ्याने वाचायलाच लागले. नियम असा की, जनावराने नुकसान केलं तर मालक जबाबदार. घटना अशी की, शेजाऱ्याच्या वावराचं फाटक उघडं होतं, बकरी शिरली आणि तूर फस्त केली. भरपाई कोणी द्यायची?

"कायची भरपाई?" अब्बांना राहवलं नाही. "फाटक उघडं ठेवलंच काहून त्यानं?"

"बराबर हाय," वह्या घ्यायला आलेल्या एका आजीने री ओढली. तिच्याकडे बकऱ्या असणार, दुसरं काय.

"मंग अब्बा, आपलं गॅरेज दिवसभर उघडंच असते. मागच्या हप्त्यात कोणीतरी पान्यांचा सेट उचलून नेला. चूक तुमची काय?"

त्या चोराला अब्बांनी बाजारभर शिव्या घातल्या होत्या. ते गडबडले. "ते येगळं."

"काहून येगळं?" इतकी मजा मला जन्मात आली नव्हती. "फाटक उघडं म्हंजे आवतन नसते."

"बकरीले काय समजते त्यातलं?"

"नाही समजत, म्हणून तर मालकाले इचारतात."

आजीने तिथल्या तिथे पक्ष बदलला. "पोरगी खरं बोलून राह्यली, भाऊ."

"मागं उत्तरं हायेत, पाहून घ्या," काका शिडीवरूनच म्हणाले.

अब्बांनी स्वतः पान काढून पाहिलं. मालक जबाबदार. पण त्यांनी पुस्तक मिटलं नाही. पुढचा प्रश्न वाचू लागले. तेवढ्यात काकांनी नर्सिंगचं पुस्तक झटकून समोर ठेवलं.

"हे राहू द्या," अब्बा त्याच्याकडे न बघता म्हणाले. "हे भांडणाचं द्या."

मला तिथेच नाचावंसं वाटलं.

परतीच्या जीपमध्ये पुस्तक त्यांच्याच मांडीवर होतं, मागूनही मिळेना. शेजारच्या माणसाने ते उलटून बघितलं आणि कोणाचं म्हणून विचारलं.

"पोरीचं," अब्बा म्हणाले. "वकील हाय माही पोरगी."

परीक्षेचा फॉर्मसुद्धा अजून भरायचा होता.