निर्मळ फाट्यावरची गणती

इनेझच्या तोंडाला कुलूप नव्हतं, हे सगळ्या निर्मळला ठाऊक होतं. पण बाईच्या एका थापेपायी गावची बस जाईल असं कोणाच्या स्वप्नात आलं नव्हतं. खुद्द इनेझच्या तर नाहीच नाही.

सन बावन्नची गोष्ट. तळ्याच्या पायऱ्यांपाशी तिचं चहाचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, चार खांब, वर झावळ्या, दोन बाकडी आणि एक चूल. कार्तिकात जत्रा भरली की तिला श्वास घ्यायला फुरसत नसे. एरवी वर्षभर माशा. म्हणून रोज उजाडता उजाडता केळ्यांची टोपली डोक्यावर घेऊन ती चार मैलांवरचं सोपाऱ्याचं स्टेशन गाठायची. बरोबर शेजारची सालोमी आणि गावच्या आणखी चाळीस-पन्नास बाया, कोणाच्या टोपलीत फुलं, कोणाच्या वांगी. मुंबईला माल विकायचा, दुपारी परत यायचं आणि चूल पेटवायची. नवरा गेल्याला नऊ वर्षं झाली, नऊ वर्षं हेच चाललं होतं.

आता मान बोलायला लागली होती. डावा हात मधेच असा बधिर व्हायचा की कपबशी धरवत नसे. वसईच्या डॉक्टरांनी मणके दाबून पाहिले आणि सरळ सांगितलं, "बाई, डोक्यावरचं ओझं बंद करा. नाहीतर एक दिवस हा हात कायमचा जाईल."

"मग केळी काय स्वतःच्या पायांनी स्टेशनला जातील?" इनेझने विचारलं. 

तिची सारी आशा होती बसवर. शाळेचे दिनानाथ मास्तर तीन वर्षं सरकारकडे अर्ज करत होते. सोपारा स्टेशनपासून वसईच्या किल्ल्यापर्यंत बस सुरू करा, आणि ती निर्मळला वळवा. मुंबईची माणसं सुटीला किल्ला पाहायला, बुरुडराजाचा कोट म्हणतात तो सोपाऱ्याचा जुना स्तूप पाहायला येतात, ती आमच्या देवळाला, तळ्याला, समुद्रालाही येतील. गावचा माल गावात खपेल, उरलेला बसच्या टपावरून स्टेशनला जाईल. मास्तरांचा हा अर्ज इनेझला 'आमच्या स्वर्गातल्या बापा' या प्रार्थनेसारखा पाठ होता. बस वळली की टोपली डोक्यावरून उतरली, एवढा सरळ तिचा हिशेब.

आणि ही अशी बाई! काय केलं तिने ते ऐका.

भाद्रपद सरला होता. एका सोमवारी बाया टोपल्या घेऊन निघाल्या, तर फाट्यावर वडाखाली एक माणूस घडीच्या स्टुलावर बसलेला. खाकी टोपी, जाड भिंगांचा चष्मा, मांडीवर वही, कानाला पेन्सिल. सालोमी जागच्या जागी थबकली. "अगो बाय, लेव्हीवाला!"

लढाईच्या दिवसांत असाच एक जण येऊन बसला होता. त्याने घरं लिहिली, पोती लिहिली, आणि महिन्याभरात लोकांच्या घरातलं भात लेव्ही म्हणून उचलून नेलं. ते कोण विसरलं होतं? इनेझने लांबूनच त्या वहीकडे पाहिलं आणि निकाल देऊन टाकला. "टोपल्या मोजतोय मेला. टोपलीमागे पट्टी बसवणार. चला गो, मागे फिरा. बांधावरून जाऊ."

झालं. पन्नास बाया वाडीतून खाली उतरल्या आणि भातखाचरांच्या बांधावरून, घोटाघोटा चिखल तुडवत, दीड मैलाचा वळसा घेऊन स्टेशनला गेल्या. सायकलवाल्यांना निरोप गेला, गाडीवानांनी गाड्या घरीच सोडून ठेवल्या. सोमवार, मंगळवार, बुधवार, तीन दिवस सगळं निर्मळ बांधावरून चाललं होतं. मास्तर असते तर त्यांनी कोण, कुठला विचारलं असतं. पण ते त्या आठवड्यात नेमके ठाण्याला गेले होते. फाट्यावर बसलेल्या माणसाला तीन दिवसांत दिसली अकरा माणसं. त्यात दोघे लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेले परगावचे पाहुणे आणि एक आमचे फादर.

बुधवारी दुपारी तो कंटाळून इनेझच्या दुकानात चहाला आला. "काय हो बाई, या गावात माणसं राहतात की नाही?"

"कुठली हो माणसं!" इनेझने पदराने घाम टिपला आणि तोंड असं पाडलं की पाहणाऱ्याला रडू यावं. "चार म्हातारीकोतारी उरलीत. कोणी येत नाही, कोणी जात नाही."

"बाजाराला टोपल्या वगैरे जात असतील ना?"

"टोपल्या? कसल्या टोपल्या?"

त्याने ते वहीत लिहिलं. चहात साखर नावाला होती, तरी बिचारा "छान झालाय" म्हणून उठला. पुढे पंधरा दिवस इनेझ त्याची नक्कल करून दाखवत होती आणि सालोमी पोट धरून हसत होती.

मग तिसरा रविवार आला. चर्चमधली मिस्सा सुटली, माणसं तळ्यावर जमली आणि मास्तर हातात सरकारी कागद घेऊन आले. त्यांचा चेहरा पाहूनच लोक भोवती सरकले. मास्तरांनी वाचलं, "सदर फाट्यावर प्रवाशांची गणती केली असता तीन दिवसांत एकूण अकरा प्रवासी आढळले. स्थानिक चहाच्या दुकानाच्या चालक बाईंच्या सांगण्यानुसारही या गावात कोणी येत नाही व गावातून कोणी जात नाही. सबब बस निर्मळकडे न वळवता सरळ रस्त्याने नेण्यात येईल."

मास्तरांनी चष्मा काढला. "इनेझबाय, तू?"

"मला काय ठाऊक तो बसवाला आहे ते!" इनेझ उसळली. "त्याच्या कपाळावर लिहिलं होतं काय?"

 सालोमी तेवढी हळूच म्हणाली, "आम्ही तुझं ऐकलं गो."  जन्मात पहिल्यांदा तिला स्वतःच्या जिभेची लाज वाटली. त्या दिवशी तिने चूल पेटवली नाही.

कागदाच्या तळाशी आणखी दोन गोष्टी होत्या. येत्या गुरुवारी बसखात्याचे साहेब स्वतः बसमधून त्या रस्त्याची पाहणी करणार होते. आणि गणती पुन्हा हवी असेल, तर पहिल्या गणतीत चूक झाल्याचं दाखवावं लागणार होतं.

"मग सोपं आहे की!" इनेझचा दीर फर्डिनंड म्हणाला. गावात अक्कल वाटायला हा नेहमी पुढे. "म्हणायचं, कारकून झोपला होता. मी साक्ष देतो, घोरताना ऐकला म्हणून."

लोकांना ते पटलं. मास्तरांना पटलं नाही, पण तेही गप्प राहिले, कारण तीन वर्षांचे अर्ज त्यांच्या डोळ्यांपुढे होते.

गुरुवारी सकाळी नवी कोरी बस फाट्यावर आली आणि तिला थांबावं लागलं. रस्त्याच्या मधोमध इनेझ उभी होती, डोक्यावर भरली टोपली. मागे पन्नास बाया, टोपल्यांसकट. त्यांच्यामागे सायकली, दोन बैलगाड्या, मास्तर आणि शाळेची अख्खी सातवी. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. इनेझ हलली नाही. पुन्हा वाजवला. ती म्हणाली, "वाजव बाबा, भोंगा तुझा आहे."

साहेब उतरले. त्यांच्या मागून वही घेऊन तोच चष्मेवाला उतरला. "हे काय? मोर्चा काढलात?" साहेब कडाडले.

"मोर्चा नाही, साहेब. प्रवासी."

"ही बस सहलीला येणाऱ्यांसाठी आखली आहे. टोपल्यांसाठी नाही."

"सहलीची माणसं इथे येऊन खाणार काय? किल्ल्याचे दगड?" इनेझचा आवाज चढला. "त्यांना केळी लागतील, चहा लागेल, देवाला फुलं लागतील. ते सगळं या टोपल्यांतच आहे. आम्हाला वगळून कसली सहल करताय?"

साहेबांनी एकदा त्या गर्दीकडे पाहिलं आणि एकदा कारकुनाकडे. "जगन्नाथ, अकरा म्हणालात ना? ही अकरा माणसं आहेत?"

जगन्नाथने वही पुढे धरली. "साहेब, मी सकाळी सहापासून इथेच होतो. तिन्ही दिवस. शपथेवर सांगतो."

"झोपला होतात?"

"नाही, साहेब."

"बाई, तुम्ही सांगा. हा झोपला होता का? तुम्ही हो म्हणालात तर आत्ताच्या आत्ता दुसरी गणती लावतो. याचं काय करायचं ते मी बघून घेईन."

फर्डिनंडने मागून कोपर मारलं. "म्हण ना वहिनी, हो म्हण!"

एक 'हो', बस्स. बस वळली असती, टोपली उतरली असती, हात वाचला असता. इनेझचा डावा हात आत्ताही टोपलीच्या कडेला लाकडासारखा पडला होता, बोटं आहेत की नाहीत कळत नव्हतं. समोर जगन्नाथ सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसत होता. पुसून पुसून भिंगं झिजतील इतका पुसत होता. त्या बिनसाखरेच्या चहाला हा माणूस छान म्हणाला होता.

"नाही," इनेझ म्हणाली. "झोपला नव्हता. डोळे फाडून बसला होता बिचारा. आम्हीच बांधावरून गेलो. आम्ही कसल्या, मीच नेलं सगळ्यांना. आणि तुमच्या कागदातली ती चहावाली, ती पण मीच. खोटं बोलले मी त्याच्याशी."

फर्डिनंडने कपाळावर हात मारून घेतला. "गेली! बस गेली!"

"खोटं का बोललात?" साहेबांनी विचारलं.

"तुम्ही तरी सांगितलंत का माणूस कशाला बसवलाय ते? वही घेऊन येतो तो घरातलं काहीतरी न्यायलाच येतो, आजवर आम्ही हेच पाहिलं. द्यायला आलेला पहिलाच. मग ओळखायचा कसा?"

 साहेबांनी बसमधून एक छापील कागद मागवला आणि त्यावर बोट ठेवलं. "हे बघा. गणती पुन्हा घ्यायला तीनच कारणं चालतात. कारकुनाची चूक, अतिवृष्टी किंवा साथीचा रोग. तुमचं कारण यात कुठेच बसत नाही."

"मग चौथा रकाना आखा."

"असा कसा आखणार?"

"जसे पहिले तीन आखले तसा! गणती चुकली, चूक इनेझची, असं लिहा. मी सही करते, मला सही येते. हवं तर पोलिसात द्या. पण एवढी जिवंत माणसं नाहीत म्हणून लिहिलंय, ते मी राहू देणार नाही. तुमची बस रोज इथूनच जाणार ना? मग रोज आम्ही इथेच असणार. उद्या पण, परवा पण. बघू कोण आधी कंटाळतं ते!"

मागे धप्पकन आवाज झाला. सालोमीने टोपली रस्त्यावर ठेवली होती आणि तिच्याशेजारी फतकल मारून बसली होती. "चार मैल चालतो रोज," ती म्हणाली. "बसायला काय जातंय?" मग एकेक करत सगळ्या बसल्या. इनेझ एकटी उभी राहिली. तिची टोपली डोक्यावरच होती.

साहेबांनी घड्याळ पाहिलं, रस्ता पाहिला. एवढ्यात जगन्नाथ पुढे आला. साहेबांच्या हातातला कागद त्याने घेतला, घेतला कसला, काढूनच घेतला, बसच्या नाकाडावर ठेवला आणि वहीची कड लावून पेन्सिलने चौथ्या रकान्याची सरळ रेघ ओढली.

"जगन्नाथ!"

"साहेब, त्या अकरांच्या खाली माझी सही आहे," जगन्नाथ म्हणाला.  "ती मला खोडायची आहे. बाई, इथे सही करा."

इनेझने उजव्या हाताने सही केली, बधिर डाव्याने टोपली कशीबशी सावरत. साहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. शेवटी म्हणाले, "सोमवारपासून. तीन दिवस. आणि बाई, आता तरी रस्ता सोडा."

सोमवारी बाया निघाल्या त्या फाट्यावरूनच. सर्वांत पुढे इनेझ. जगन्नाथच्या स्टुलासमोर ती थांबली आणि म्हणाली, "मोजा."

"एक," जगन्नाथ मोठ्याने म्हणाला.

त्यानंतर तीन दिवस त्याला मान वर करायला मिळाली नाही. ज्यांना कुठे जायचं नव्हतं तेही निघाले होते. एका म्हाताऱ्याला त्याने तिसऱ्या खेपेला ओळखलं आणि गुमान घरी पाठवलं. मास्तरांनीच गावाला ताकीद दिली होती, की यावेळी एकही माणूस दोनदा मोजला जायला नको.

बुधवारी दुपारी जगन्नाथ दुकानात येऊन बसला. इनेझने चहात साखर अशी घातली की चमचा उभा राहावा. त्याने वही उघडली. सहाशे चौदा माणसं भरली होती. खाली एक ओळ कोरी होती.

"शेरा लिहायचा राहिलाय," तो म्हणाला. "स्थानिक चहावालीचं म्हणणं काय?"

इनेझने बधिर झालेली बोटं चोळली. "लिहा. येणारे येतात, जाणारे जातात. चहावालीची मान दुखते. बस वळवा."

"'वळवावी ही विनंती' असं लिहू?"

"विनंती कसली? तीन वर्षं मास्तरांनी तीच केली. वळवा, एवढंच लिहा."

जगन्नाथने चष्मा पुसला आणि सांगितलं तस्संच लिहिलं. जत्रेच्या आदल्या आठवड्यात बस फाट्यावर आली आणि निर्मळकडे वळली. टपावर पहिली टोपली होती ती इनेझची.