चिंचेने धुतलेली दीड हजार वर्षं

मी एक जुनं नाणं आहे. मित्रांनो, यातला ‘जुनं’ हा शब्द तेवढा खोटा. बाकी मी तांब्याचं, वजनदार आणि सभ्य आहे.

माझ्यावर बायझंटाईन सम्राटाचा चेहरा आहे. दीड हजार वर्षांपूर्वी तो फार दूर कुठेतरी राज्य करत होता. माझा जन्म मात्र अलीकडचा, गाझियाबादच्या एका पत्र्याच्या शेडमधला. एका खऱ्या नाण्याचा साचा काढून त्यात आम्हा भावंडांना ओतलं. त्या खऱ्या नाण्यावरच्या सम्राटाच्या हनुवटीवर कधीतरी खोक पडली होती, ती आम्हा सगळ्यांना आयती मिळाली. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे कडेला राहिलेली शिवण कानशीने घासली, तरी पुसट उरलीच; नवसागराच्या पाण्यात बुडवून आम्हाला हिरवं केलं. आठवड्याभरात मला म्हातारपण आलं.

दिल्लीच्या करोल बागेतल्या एका दुकानातून मला सुभेदार खंडेरावांनी घरी आणलं. फौजेतून निवृत्त होऊन ते गाझियाबादलाच राहतात. शेड, करोल बाग आणि परत गाझियाबाद, एवढाच माझा प्राचीन व्यापारी मार्ग. मला मखमलीवर ठेवून ते पाहुण्यांना भिंगातून दाखवत. “हात नहीं लगाना, यार,” असं बजावत. कौतुक मला आवडायचं; खोटं कशाला बोलू?

मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला नाणी लख्ख हवीत, म्हणून त्यांच्या बायकोने, हौसाबाईंनी, चांदीच्या नाण्यांबरोबर मलाही चिंचेने घासलं. माझं सगळं वय वाटीत उतरलं. खाली कोरं करकरीत तांबं.

सुभेदारांनी मला वाटीतून उचललं. “दीड हजार वर्षं धुऊन टाकलीस तू,” एवढंच बोलले, आणि मग बोलणंच बंद. चहा हवा असला की कप वाजवायचा. हौसाबाईंनी सगळ्यांना फराळ वाढला, स्वतः चकली तोंडात घातली नाही.

माझी झोप उडाली, मित्रांनो. खरा हिरवा थर धातूत मुरलेला असतो, असा सालासारखा सुटत नाही. मला उलटं करा, माझी कड बघा, असं ओरडावंसं वाटे. पण तोंड होतं सम्राटाचं, आणि तो ढिम्म.

शेवटी सुभेदार त्याच दुकानातून माझ्या जागी दुसरं नाणं घेऊन आले. दुकानदाराने हेही आखिरी पीस असल्याचं सांगितलं होतं म्हणे. आम्हाला शेजारी ठेवून त्यांनी भिंग उचललं. त्याची हनुवटी पाहिली. माझी पाहिली. पुन्हा त्याची. तीच खोक, तशीच तिरकी. दोन सम्राट दाढी करताना एकाच जागी कसे कापले?

मग ते नवं नाणं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

“हौसा, चिंच भिजव.”

या वेळी त्यांनी स्वतः घासलं. वाटीतलं पाणी हिरवं व्हायला लागलं.

“सावकाश, अहो,” हौसाबाई म्हणाल्या. “दीड हजार वर्षं जातील.”

सुभेदारांनी ओल्या हाताने चकलीचा डबा तेवढा त्यांच्यापुढे सरकवला.

आता आम्ही दोघं भावंडं देवघरात असतो, लख्ख. मित्रांनो, जुन्या वस्तूंना जरूर जपा. पण त्यांच्यासाठी घरातल्या माणसाशी अबोला धरण्याआधी आमची कड एकदा भिंगाखाली धरा. शिवण तिथेच असते.