काशीबाई उभी राहिली

हमरापुरात गणपती घडवणारे घरोघर सापडतील, पण आखणीला, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायला, काशीबाईच लागायची. मूर्ती साच्यातनं निघते, घासून होते, रंगते, तोवर ती माती. काशीबाईनं बुबुळात शेवटचा काळा ठिपका ठेवला की देव. तिचे सासरे तर दुसरा डोळा पुरा झाला की कारखान्यातल्या सगळ्यांना उठून उभं राहायला लावायचे. देव बघायला लागला, आता बसलाव कसले, असं खेकसायचे.

सासरे गेले, त्यांच्यामागं रिवाजही गेला. सीझनात दिवसाला साठ मूर्ती आखायच्या, तिथं साठ वेळा कोण उठतंय? काशीबाईसुद्धा नाय उठायची. एका हातात चहा, दुसऱ्यात ब्रश, आणि तोंडानं शेजारच्या रशिदाशी गप्पा. हात इतका बसला होता की मनाला हजर राहायचं कामच उरलं नव्हतं.

मागच्या वर्षी ते भोवलं. एका मंडळाची नऊ फुटी मूर्ती, आणि डावा डोळा चक्क तिरळा! न्यायला आलेल्यांतला एकजण म्हणाला, "आजी, ह्यो बाप्पा बघतोय कुणाकडं?" सगळे फिदीफिदी हसले. काशीबाईनं तो तिरळा डोळा पुसला आणि परत आखायला ब्रश उचलला, तर हात थरथरायला लागला. तो आजतागायत. पाणी भरताना नाय, भाकरी थापताना नाय, फक्त डोळ्यापाशी ब्रश नेला की थरथर. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले हाताला काहीएक झालेलं नाही.

"आई, मी रामवाडीच्या दिनानाथला आखणीला बोलावतो," मुलगा निकेश म्हणाला. "तू आता आराम कर."

आराम! चाळीस वर्षं आखणी केलेल्या बाईला हा शब्द कसा झोंबतो ते तिलाच माहीत.

सून मृणाली रोह्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये होती आणि गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. तिनं रजा टाकली आणि श्रीलंकेची दोन तिकिटं काढली.

"आई, जन्मभर हत्तीचं तोंड आखलंत. जंगलातला हत्ती बघितलाय कधी?"

"नाय गो. सर्कशीतला बघितला होता. मान खाली घालून उभा होता बिचारा."

रशिदानं आपल्या नवऱ्याची, सईदची कुवेतची बॅग आणून दिली. "वीस वेळा समुद्र ओलांडलाय हिनं," ती म्हणाली. "तू चुकलीस तरी बॅग नाय चुकायची."

श्रीलंकेत तिसऱ्या दिवशी गाईडनं त्यांना एका खेड्यातल्या देवळात नेलं. तिथं बुद्धाची नवी मूर्ती होती, अंगभर रंगवलेली, पण डोळ्यांच्या जागी कोरी. शेजारी एक म्हातारा चित्रकार हातातला आरसा फडक्यानं पुसत बसला होता. गाईड इंग्रजीत सांगत गेला, मृणाली मराठीत.

"आई, हे मूर्तीकडं पाठ करून उभे राहतात. आरशात बघून खांद्यावरनं डोळे काढतात."

"पाठ करून? ते कशाला?"

"डोळे उघडले की पहिली नजर पडते ना, ती समोरून झेलायची कुणाची हिंमत होत नाही, म्हणून."

काशीबाईनं त्या आरशात वाकून बघितलं. मग हळूच म्हणाली, "आणि मी च्या पीत पीत आखलेत गो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघी सासू-सुना जीपनं जंगलात शिरल्या. मोर दिसले, चिखलात लोळणाऱ्या म्हशी दिसल्या, तळ्याकाठी आ वासून पडलेली मगर दिसली. काशीबाई लहान पोरीगत बोट दाखवत होती. एवढ्यात ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. झाडी हलली आणि आतनं हत्ती आला. आला म्हणजे काय, ना पाय वाजला, ना फांदी मोडली! एवढं मोठं धूड आणि चाल मांजराची. तो थेट जीपपाशी येऊन थांबला. मृणालीची तर पाचावर धारण बसली.

काशीबाईला मात्र सोंड दिसेना, कान दिसेनात. तिला फक्त डोळा दिसत होता. केवढासा! भोवती सुरकुत्यांची वर्तुळं, लांब पापण्या, आत चहाच्या रंगाचं पाणी. तो डोळा तिच्याकडं बघत होता. चाळीस वर्षांत तिनं हजारो डोळे उघडले, पण आपल्याकडं कुणी बघतंय असं तिला एकदाही वाटलं नव्हतं.

आणि ती उभी राहिली. जीपमध्ये उठायचं नाही, हे गाईडनं चारदा बजावलं होतं. मृणालीनं घाबरून पदर ओढला, गाईड दबक्या आवाजात ओरडला. काशीबाईनं तोच पदर सोडवून डोक्यावर घेतला, हात जोडले. हत्तीनं कान फडकवले, पुढचा पाय उचलला, सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. मग त्यानं पाय ठेवला, वळला, आणि आला तसाच आवाज न करता गेला.

गाईड काशीबाईला पुष्कळ बोलला. चूक तिचीच होती. पण बसून राहणं तिला जमलंच नसतं.

हमरापूरला परतली तेव्हा दिनानाथ कारखान्यात रंगाची पेटी उघडून बसला होता. काशीबाईनं बॅग दारातच ठेवली.

"दिनानाथभाऊ, तू च्या घे. एवढी एक मूर्ती मला दे."

"आई, राहू दे ना," निकेश म्हणाला.

तिनं ब्रश घेतला. हात थरथरला. या खेपेला ती त्याच्यावर चिडली नाही. थरथर बाबा, थरथरायलाच हवं, ती मनाशी म्हणाली. श्वास सोडून दुसरा घेण्याआधी हात क्षणभर थांबतो, तेवढ्यात एक रेघ. परत थांबली, परत एक. जिथं दिवसाला साठ उरकायची, तिथं एका मूर्तीला तास गेला. चहा निवून गेला, कुणाला आठवला नाही.

दुसऱ्या बुबुळात ठिपका ठेवून तिनं ब्रश खाली ठेवला. गुडघ्यावर हात टेकत उठली, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडून उभी राहिली.

आधी दिनानाथ उठला. मग रंगाचे हात तसेच ठेवून एकेक कामगार उठला. निकेशनं मूर्तीकडं पाहिलं, मग आईकडं, आणि पायातली चप्पल काढून तोही उभा राहिला.