अर्ध्या दिवसाचं झाड

झाडाची उंची दादाला एका नजरेत कळते, पण झाडाभोवती काय आहे ते त्याला दिसतच नाही. मी झाडावर चढून फांद्या छाटते, दादा खाली दोर धरतो. कामाचा भाव सांगायलाही तोच जातो, आणि आमचं घोडं तिथेच अडतं.

निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या परसातलं झाड त्याने रस्त्यावरूनच पाहिलं आणि ठोकून दिलं, "अर्ध्या दिवसाचं काम, बाई!"

आम्ही कामाला पोचलो तर परसाला तिन्ही बाजूंनी उंच भिंती, झाडाखाली काचेचं छप्पर, आणि बाहेर पडायची वाट फक्त बाईंच्या घरातून.

"प्रत्येक फांदी स्वयंपाकघरातून न्यायची?" मी विचारलं.

"आणि बैठकीच्या खोलीतून," दादा पडल्या आवाजात म्हणाला. मग बाईंकडे वळला. "माझा अंदाज साफ चुकला. तीन दिवस लागतील. पण भाव ठरला तोच."

"चूक कबूल केलीत, शाबास," बाई म्हणाल्या. "आता पाय पुसा आणि आत या."

तीन दिवस मी हातभर लांबीचे तुकडे करून दोराने खाली सोडत होते आणि दादा ते खांद्यावरून नेत होता. बाई पुढे चालत ओरडायच्या, "डावीकडे! दिवा सांभाळा!" दुसऱ्या दिवशी त्यांनी बाह्या सरसावल्या आणि स्वतःच ओंडक्याचं दुसरं टोक धरलं. शेवटपर्यंत एकही काच फुटली नाही. फुटली ती फक्त एक फुलदाणी, आणि तीही बाईंच्याच कोपराने.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "नणंदेने दिलेली होती."

घरी जाताना मी दादाला बजावलं, "यापुढे भाव मी सांगणार."

पुढचं गिऱ्हाईक होती बेकरीवाली. तिच्या मागच्या अंगणातल्या वाळक्या झाडाला मी तीन फेऱ्या मारल्या, भिंत बघितली, तारा बघितल्या आणि छातीठोकपणे सांगितलं, "चार दिवस."

झाड आतून पार पोकळ निघालं. दीड तासात सगळं आडवं! बेकरीवालीने घड्याळाकडे पाहिलं. हसू दाबताना दादाच्या मिशा थरथरत होत्या.

"एका सकाळचेच पैसे द्या," मी खाली मान घालून म्हणाले.

ती खळखळून हसली. "मग आताच चला. माझ्या दिराकडेही एक झाड आहे."

दिराच्या दारात दादाने खोड ठोकून पाहिलं, मी कुंपण पाहून आले.

"एक दिवस," दादा म्हणाला.

"तीन," मी म्हणाले.

दीर गोंधळला. "तुमचं आधी ठरू द्या. मी चहा टाकतो."

आम्ही पायरीवर बसून तावातावाने भांडलो. चहा येईपर्यंत दोन दिवसांवर जमलं. प्रत्यक्षात दोन दिवस आणि वर एक तास लागला. त्या तासाबद्दल आम्ही दोघांनीही चकार शब्द काढला नाही.