वाफाळती बादली

घरात सगळे तिला धाकटी म्हणायचे. केस पिकायला लागले तरी नाव तेच राहिलं. लग्न तिने केलं नाही. पुढच्या खोलीत मशीन टाकून ती लोकांच्या दाराखिडक्यांचे पडदे शिवायची आणि आपल्या पायावर उभी होती. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा दादाने हात वर केले. "माझं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तो जिना चढताना मीच रोज देवाच्या दारात जाऊन परत येतो, बाबांना कसा चढवू?" म्हणून बाबा धाकटीकडे आले.

बाबा शाळेत कवायतीचे मास्तर होते. घरीही त्यांची कवायत चालायची, ती पट्ट्याने. लहानपणी त्यांच्या बुटांचा आवाज आला की धाकटी पलंगाखाली शिरायची. आता त्यांची उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. पण डावा हात शाबूत होता आणि डोळे तेच होते. त्यांनी नुसतं पाहिलं तरी ती एक पाऊल मागे सरायची.

चर्चमधल्या बायका तिचं कोण कौतुक करायच्या. "वडिलांचं इतकं करतेस! प्रभूची केवढी कृपा आहे गं तुझ्यावर." ती हसून मान हलवायची आणि आतून घाबरायची. बाबांना भरवताना, कुशीवर वळवताना तिच्या मनात जे यायचं ते दिसलं असतं, तर या बायकांनी तिला शेजारीही बसू दिलं नसतं. रोज सकाळी ती गुडघे टेकून म्हणायची, "प्रभू, हा राग माझ्यातून काढून टाक." मग दुखरा दात जिभेने चाचपावा तसा राग चाचपून बघायची. तो असायचाच. पण ती कुणाजवळ बोलली नाही. एकदा प्रभूवर सोपवलं की सोपवलं, वर माणसांपुढे हात पसरायचे म्हणजे अविश्वासच, असं तिने मनाशी धरलं होतं.

एका दुपारी ती बाबांना स्टुलावर बसवून अंघोळ घालत होती. पाठ चोळताना तिचं नख लागलं असावं. डावा हात फिरला आणि सणकन तिच्या कानाखाली बसला.

तिने गरम पाण्याचा नळ सोडला. थंड पाण्याचा सोडलाच नाही. बादली भरली, आरसा वाफेने झाकला गेला. तिने भांडं बुडवून वर उचललं.

बाबांना कळलं. स्टुलावरून सरकायची त्यांची धडपड चालली, पण अर्धं अंग हलेना. त्या डोळ्यांत तिने पहिल्यांदाच भीती पाहिली, आणि भयंकर गोष्ट ही की तिला बरं वाटलं.

'प्रभू, माझा हात धर,' ती मनात म्हणाली. 'धर ना.' कुणी धरला नाही. भांडं कलत होतं आणि दुसऱ्याच कुणाचा हात पाहावा तशी ती पाहत होती. काठावरून एक धार सुटून बाबांच्या मांडीवर पडली. त्यांच्या घशातून जो आवाज निघाला तो एखाद्या लहान मुलाचा होता.

तिने भांडं फेकलं. उरलेलं पाणी तिच्याच पायावर सांडलं, पण ते तिला नंतर कळलं. थंड नळ सोडून ती मांडीवर पाणी ओतत राहिली, "बाबा, बाबा" करत. मग त्यांना टॉवेलात गुंडाळून तिने तिथूनच फोन लावला.

"दादा, आत्ताच्या आत्ता ये."

"अगं, दुकानात गिऱ्हाईक आहे..."

"मी बाबांना भाजलं."

"चुकून ना?"

'हो' म्हटलं असतं की सगळं झाकलं गेलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "मला त्यांच्याजवळ एकटीला ठेवू नकोस."

दादा धापा टाकत आला. तो तिच्याकडे नीट बघूही शकला नाही. डॉक्टरांनाही तिनेच खरं सांगितलं. जखम वरवरची होती, भरून येणार होती.

संध्याकाळी ती पाळकसाहेबांकडे गेली. ते चर्चमधल्या एका मोडक्या बाकाला खिळे ठोकत होते. ऐकता ऐकता त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"प्रभू आलाच नाही," ती म्हणाली. "मी इतकं मागत होते. माझ्या वाट्याला कृपा नाहीच का?"

पाळकसाहेबांचाही चेहरा उतरला होता. "दादाला 'नाही' म्हणालीस, ते कशाच्या बळावर?"

"भीतीच्या."

"असेल. मला त्यात तोही दिसतो. किती त्याचं आणि किती तुझं, ते काही मला वेगळं काढून दाखवता येणार नाही. पण बाई, तुझ्याऐवजी तो भांडं खाली ठेवणार नाही. ठेवायचं बळ देईल, आणि बळ देताना माणसंही पाठवेल. तू त्यांना दारातच अडवून ठेवलं होतंस."

"आणि मांडी भाजली ती?"

"ती तुझी," ते हळूच म्हणाले. "त्याची क्षमा मागायची. प्रभूकडे, आणि बाबांकडेही."

प्रभूकडे मागणं तिला जमलं. बाबांकडे जायला मात्र पाय उचलेनात. दोन्ही बाजूंची भीती होती, त्यांची आणि स्वतःची. शेवटी दादाला खोलीत उभा करून ती पलंगाजवळ गेली.

"बाबा, मी मुद्दाम केलं. मला माफ करा."

डावा हात वर आला. तिने डोळे गच्च मिटले, अंग चोरलं, पण ती जागची हलली नाही. त्या हाताने तिची बाही पकडली आणि धरून ठेवली. ती माफी होती, विनवणी होती की नुसता आधार, ते ना तिला कळलं ना दादाला.

त्यानंतर अंघोळ दादा घालू लागला. चर्चमधल्या बायकांनाही तिने खरं सांगितलं, आणि त्यांतल्या दोघीजणी दुपारी आळीपाळीने येऊन बसू लागल्या. आणखी एकीने मात्र उपासनेला तिच्या शेजारची जागा सोडली. धाकटीने ते गिळलं. राग गेला नव्हता. सकाळी गुडघे टेकल्यावर ती आता म्हणायची, "प्रभू, मी त्यांना भरवायला निघालेय. माझ्याबरोबर चल." मग दार सताड उघडं ठेवून सुपाची वाटी घ्यायची. हात इतका कापायचा की पहिला चमचा बाबांच्या गळ्याला बांधलेल्या फडक्यावरच सांडायचा. ती पुसून घ्यायची आणि दुसरा भरायची.