शीतगृहाचा नवा अ‍ॅडमिन

बर्फ्या मेला, पण त्याचा हेका काही गेला नाही. आमच्या पुतण्याच्या शीतगृहाची दारं वेबसाइटवरून उघडायची, आणि त्या साइटचा एकुलता एक अ‍ॅडमिन म्हणजे बर्फ्या. पासवर्ड त्याने कुणाला सांगितला नाही. बरोबर घेऊन गेला. खोटं वाटत असेल तर सोडून द्या, मी तिथेच उभा होतो.

त्या दुपारी पुतण्या आत असताना दार बसलं. आतली मूठ गोठलेली. साइट म्हणे, दार फक्त अ‍ॅडमिन उघडेल.

सूनबाईने, म्हणजे पुतण्याच्या बायकोने, संगणकावर नुसत्या अक्षरांची ती काळी खिडकी उघडली. तिथे माऊसला कोण विचारतो! हुकूम टाइप करायचा, की नवा अ‍ॅडमिन जन्माला. खिडकीने नाव विचारलं. तिने स्वतःचं टाकलं. ‘हे नाव घेतलेलं आहे.’ नवऱ्याचं टाकलं. घेतलेलं.

“माझं टाक,” मी म्हणालो.

“तुमचंही गेलं, काका!”

“मेल्याने कधी चहा पाजला नाही, आणि नाव मात्र घेतलं!”

तिने वैतागून कळांवर नुसतीच बोटं आपटली. खिडकी म्हणाली, ‘हे माणसाचं नाव नाही.’

दारावरच्या थापा मंदावत चालल्या होत्या.

सूनबाईने ओठ आवळले आणि एक नाव टाकलं. पोटातल्या बाळासाठी मनात धरलेलं, नवऱ्यालाही न सांगितलेलं. त्या नावाने अजून कुणी कुणाला हाक मारली नव्हती.

ते चाललं. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काही दिसत नाही, तशी रीतच आहे. खात्रीसाठी तोच दुसऱ्यांदा मागितला तेव्हा तिने घाम पुसायला हात उचलले होते. तरी कळा हलल्या. हलक्याच, इवल्या बोटांनी दाबल्यासारख्या. ‘अ‍ॅडमिन तयार.’

साइट उघडायच्या आधीच दार कुरकुरलं. पुतण्या बाहेर आला, भुवया पांढऱ्याफटक.

“पोर कुणाचं गं ते? माझं बोट धरून आणलं.”

सूनबाईने तडक खातं पुसायचा हुकूम दिला. ‘हा अ‍ॅडमिन कामावर आहे.’

तिचा हात पोटावर गेला. “काका, हलत नाही हो.”

डॉक्टरीणबाईंनी ठोके ऐकले. “बाळ ठीक आहे, झोपलंय,” म्हणाल्या. झोपलंय कसलं! संध्याकाळी कामगार सुटले, शीतगृहाची दारं एकेक करून आपोआप लागली, आणि मग कुठे सूनबाईच्या पोटात सणसणीत लाथ बसली.